अनेक क्लस्टर, स्विच एक की अनेक? – व्हर्च्युअल स्विचच्या व्यवस्थापनाची आखणी



आपल्या शाळांमधून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज पुण्यात, नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये काम करतात. डिप्लोमा करून नुकतीच कामाला लागलेली मुलं बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात. एका सर्व्हरवरचं व्हर्च्युअल मशीन त्यांना कळतं, त्याचं नेटवर्कही कळतं. पण सर्व्हर तीस-चाळीस झाले, त्यांचे चार गट झाले, की "स्विच किती ठेवायचे, कुणाला कुठे जोडायचं?" हा प्रश्न येतो. पुस्तकात बटणं कुठे आहेत ते दिलेलं असतं. निर्णय कसा घ्यायचा ते मात्र फारसं दिलेलं नसतं. आजचा पाठ त्या निर्णयावर आहे.

उदाहरणासाठी आपण व्हीएमवेअर कंपनीची व्हीस्फिअर ही प्रणाली घेऊ. तिचा वापर भरपूर आहे आणि तिच्यात हा प्रश्न स्पष्ट दिसतो. शेवटी इतर प्रणालींकडेही थोडं पाहू.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला –
१. स्टँडर्ड स्विच आणि डिस्ट्रिब्युटेड स्विच यांतला फरक सांगता यावा.
२. अनेक क्लस्टर असताना किती स्विच ठेवावेत हे कारणांसह ठरवता यावं.
३. ठरवलेली रचना सुरक्षितपणे कशी राबवायची याचा क्रम लिहिता यावा.

पूर्वज्ञान

आधी चार शब्दांची उजळणी करू.

*होस्ट* – ज्या खऱ्या सर्व्हरवर ईएसएक्सआय ही प्रणाली चालते तो. याच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन राहतात.

*क्लस्टर* – एकत्र काम करणाऱ्या होस्टचा गट. एक होस्ट बंद पडला तर त्यावरची मशीन गटातल्या दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू होतात. एखाद्यावर भार वाढला तर चालू मशीन, बंद न करता, शेजारच्या होस्टवर सरकवता येतं. या सरकवण्याला व्हीमोशन म्हणतात. ही सोय २००३ सालापासून आहे.

*व्हीसेंटर* – सगळ्या होस्टचं आणि क्लस्टरचं व्यवस्थापन एका जागेवरून करणारं सॉफ्टवेअर.

*व्हीलॅन* – एकाच केबलमधून अनेक वेगवेगळी नेटवर्क चालवण्याची युक्ती. प्रत्येक नेटवर्कला क्रमांक देतात. हा क्रमांक १२ बिटांचा असतो, म्हणून एकूण ४०९६ आकडे होतात. त्यातले ० आणि ४०९५ राखीव असल्याने वापरायला १ ते ४०९४ उरतात.

आपल्याला जिल्हा परिषदेच्या शाळांची रचना माहीत आहे. होस्ट म्हणजे एक शाळा समजा. आठ-दहा शाळा मिळून जसं एक केंद्र होतं, तसा होस्ट मिळून क्लस्टर होतो. अनेक केंद्रांचा कारभार पाहणारं गटशिक्षण कार्यालय म्हणजे व्हीसेंटर. ही तुलना पुढेही उपयोगी पडेल.

व्हर्च्युअल स्विच म्हणजे काय?

खऱ्या स्विचला पोर्ट असतात, त्यात केबल खोचतो. व्हर्च्युअल स्विच हा होस्टच्या मेमरीत चालणारा सॉफ्टवेअरचा स्विच. त्याच्या एका बाजूला व्हर्च्युअल मशीनचे पोर्ट, दुसऱ्या बाजूला होस्टची खरी नेटवर्क कार्डं. या कार्डांना अपलिंक म्हणतात. एकाच नियमाखाली येणाऱ्या पोर्टांचा संच म्हणजे पोर्ट ग्रुप. पोर्ट ग्रुपला नाव असतं आणि बहुधा एक व्हीलॅन क्रमांक असतो.

खऱ्या स्विचपेक्षा हा एका बाबतीत वेगळा आहे. आपल्याला जोडलेल्या मशीनचे पत्ते त्याला आधीच माहीत असतात, शिकावे लागत नाहीत. शिवाय एका अपलिंकमधून आत आलेलं पाकीट तो दुसऱ्या अपलिंकमधून बाहेर पाठवत नाही. त्यामुळे त्याच्यातून वर्तुळ तयार होत नाही आणि त्याला स्पॅनिंग ट्री लागत नाही.

स्टँडर्ड स्विच: प्रत्येक शाळेचं वेगळं रजिस्टर

स्टँडर्ड स्विच प्रत्येक होस्टवर स्वतंत्र असतो. तो बनवायचा, पोर्ट ग्रुप घालायचे, व्हीलॅन क्रमांक लिहायचे, हे सगळं त्या त्या होस्टवर. दोन-तीन होस्ट असतील तर काहीच अडचण नाही. आता हिशोब करू.

समजा २४ होस्ट आहेत आणि प्रत्येकावर २० पोर्ट ग्रुप हवेत.
२४ × २० = ४८० नोंदी.

या ४८० नोंदी हुबेहूब सारख्या हव्यात. एका होस्टवर व्हीलॅन १२० ऐवजी चुकून १०२ लिहिला गेला, तर काय होईल? त्या दिवशी काहीच होणार नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. मशीन हलवताना प्रणाली पाहते की त्याच नावाचा पोर्ट ग्रुप पलीकडे आहे का. नाव सारखं आहे, म्हणून परवानगी मिळते. आतला क्रमांक बरोबर आहे का हे कुणी तपासत नाही.

मग एका रात्री दोन वाजता दुसराच एखादा होस्ट बंद पडतो. त्यावरचं मशीन, समजा रुग्णालयाच्या केसपेपर नोंदणीचं, या चुकीच्या होस्टवर आपोआप सुरू होतं. पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. मशीन चालू, क्लस्टर ठणठणीत. फक्त नोंदणीच्या खिडकीवर काही उघडत नाही. सहा महिन्यांपूर्वीची दोन आकड्यांची अदलाबदल शोधायला रात्रीच्या माणसाला किती वेळ लागेल, तुम्हीच विचार करा.

डिस्ट्रिब्युटेड स्विच: एक परिपत्रक, सगळ्या शाळांना लागू

यावर उपाय म्हणून २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ बरोबर डिस्ट्रिब्युटेड स्विच आला. यात स्विचची व्याख्या व्हीसेंटरमध्ये एकदाच लिहितात. तिथून ती जोडलेल्या सगळ्या होस्टवर पोचते. वरच्या उदाहरणात ४८० ऐवजी २० नोंदी. चूक झालीच तर ती सगळीकडे सारखी होते आणि लगेच दिसते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मुलाखतीतही ती विचारतात. डिस्ट्रिब्युटेड स्विच म्हणजे सगळ्या होस्टची वाहतूक व्हीसेंटरमधून जाते असं नाही. त्याचे दोन भाग असतात:

- *व्यवस्थापनाचा भाग* – नियम ठरवणं, लिहिणं, वाटणं. हा व्हीसेंटरमध्ये.
- *वाहतुकीचा भाग* – पाकिटं इकडून तिकडे नेणं. हा प्रत्येक होस्टवर.

गटशिक्षण कार्यालयाला सुट्टी असली म्हणून शाळेची घंटा वाजायची थांबते का? नाही. वर्ग भरतात, पोषण आहार शिजतो. फक्त नवीन आदेश निघत नाही. तसंच व्हीसेंटर बंद पडला तरी मशीन एकमेकांशी बोलत राहतात. नवीन पोर्ट ग्रुप बनवणं, क्रमांक बदलणं मात्र थांबतं.

याशिवाय काही सोयी फक्त डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्येच मिळतात: कार्डावरच्या प्रत्यक्ष भारानुसार वाहतूक वाटणं, एलएसीपी, नेटवर्क आयओ कंट्रोल, नेटफ्लो, आणि स्विचची संपूर्ण मांडणी फाइलमध्ये काढून ठेवणं. मात्र तो सगळ्या परवान्यांत मिळत नाही. आखणी कागदावर काढण्याआधी आपल्या परवान्यात तो आहे का हे बघा.

मुख्य प्रश्न: चार क्लस्टर, स्विच किती?

डिस्ट्रिब्युटेड स्विच व्हीसेंटरमधल्या डेटासेंटर या घटकाखाली असतो. त्या डेटासेंटरमधले कितीही क्लस्टर एका स्विचला जोडता येतात. उलट, एका क्लस्टरला दोन स्विचही देता येतात. म्हणजे बंधन कमी, स्वातंत्र्य जास्त. म्हणूनच विचार करावा लागतो.

एक गणित समोर ठेवू.

- व्यवस्थापन क्लस्टर – ४ होस्ट. यावर व्हीसेंटर, बॅकअप, देखरेखीची मशीन.
- उत्पादन क्लस्टर एक – १२ होस्ट.
- उत्पादन क्लस्टर दोन – १२ होस्ट.
- चाचणी क्लस्टर – ६ होस्ट.

एकूण ३४ होस्ट. पहिल्या तीन क्लस्टरमध्ये प्रत्येक होस्टला २५ गिगाबिटची दोन कार्डं. चाचणीचे सर्व्हर जुने, त्यात १० गिगाबिटची दोन कार्डं.

*पर्याय अ: सगळ्यांसाठी एकच स्विच.*
फायदा – काम सर्वांत कमी. पोर्ट ग्रुप एकदा बनवला की ३४ होस्टवर तयार.
तोटा – एका पोर्ट ग्रुपचा व्हीलॅन बदलला की तो सगळीकडे त्याच क्षणी बदलतो. चाचणीसाठी केलेला बदल उत्पादनाला लागू शकतो.

*पर्याय ब: प्रत्येक क्लस्टरला वेगळा स्विच.*
फायदा – चुकीचा परिणाम एका क्लस्टरपुरता.
तोटा – उत्पादनाचे २० पोर्ट ग्रुप दोनदा बनवायचे, म्हणजे ४० नोंदी, आणि त्या कायम सारख्या ठेवायच्या. स्टँडर्ड स्विचचा जुना आजार छोट्या प्रमाणात परत आला.

*पर्याय क: कामानुसार गट.*
व्यवस्थापनाला एक, दोन्ही उत्पादन क्लस्टरना मिळून एक, चाचणीला एक. एकूण तीन स्विच.

आता डोळे मिटून "क" निवडायचा नाही. कारणं तपासू. दोन क्लस्टर एका स्विचवर ठेवावेत का, हे ठरवताना खालचे पाच प्रश्न विचारा.

१. मशीन या क्लस्टरमधून त्या क्लस्टरमध्ये सरकणार का?
उत्पादनाची मशीन एकातून दोनमध्ये हलवावी लागतात, कारण भार कमीजास्त होतो. एकच स्विच असला तर पोर्ट ग्रुप तोच राहतो, काही निवडावं लागत नाही. वेगळे स्विच असले तरी व्हीस्फिअर ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, मशीन एका डिस्ट्रिब्युटेड स्विचवरून दुसऱ्यावर चालू स्थितीत नेता येतं. पण दर वेळी पलीकडचं नेटवर्क निवडावं लागतं, आणि निवड आली की चूक आली. चाचणीचं मशीन मात्र सहसा उत्पादनात जात नाही. मग त्यांना एकत्र बांधायचं कशाला?

२. कार्डं आणि खरी केबल सारखी आहे का?
नेटवर्क आयओ कंट्रोलमध्ये बँडविड्थ राखून ठेवता येते, पण सगळं मिळून सर्वांत कमी वेगाच्या कार्डाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. २५ गिगाबिटची कार्डं असतील तर मर्यादा १८.७५ गिगाबिट. त्याच स्विचला चाचणीचे १० गिगाबिटवाले होस्ट जोडले की मर्यादा सगळ्यांसाठी ७.५ वर येते. सहा जुन्या सर्व्हरमुळे २८ नव्यांचा हात आखडतो. पाकिटाचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, हाही पूर्ण स्विचला एकच असतो.

३. दोन्हीकडे तेच व्हीलॅन पोचतात का?
व्हर्च्युअल स्विचमध्ये पोर्ट ग्रुप बनवला म्हणजे काम संपलं असं नाही. खऱ्या स्विचच्या ट्रंक पोर्टवरही तो व्हीलॅन सोडावा लागतो. आपल्या उत्पादनात २४ होस्ट × २ कार्डं = ४८ पोर्ट. त्यातल्या एकावर जरी राहिला, तर त्या होस्टवर गेलेलं मशीन कधी बोलेल, कधी मुकं होईल. म्हणून एका स्विचवर तेच क्लस्टर ठेवावेत ज्यांच्या खालच्या खऱ्या स्विचची मांडणी एकसारखी आहे.

४. अपग्रेड एकाच वेळी होणार का?
डिस्ट्रिब्युटेड स्विचला स्वतःची आवृत्ती असते, आणि ती त्याला जोडलेल्या सर्वांत जुन्या होस्टला पेलेल अशीच ठेवावी लागते. ८.० आवृत्तीच्या स्विचला ७.० वर चालणारा होस्ट जोडता येत नाही. शिवाय स्विचची आवृत्ती एकदा वाढवली की मागे येत नाही. चाचणीचा स्विच वेगळा असेल तर आधी तिथे वाढवून बघता येतं. एकच स्विच असेल तर बघायला जागाच नाही, थेट परीक्षा!

५. चूक झाली तर किती जणांना भोगावी लागेल?
हा प्रश्न सर्वांत शेवटी लिहिला, पण निर्णय बहुतेक वेळा तोच करतो. यंत्र बिघडण्याची भीती आपल्याला असते, पण इथे माणसाच्या हातून होणाऱ्या बदलाची भीती जास्त धरावी. स्विच वेगळा करणं म्हणजे त्या चुकीला कुंपण घालणं.

पाचही उत्तरं लिहिली की "क" का बरोबर ठरतो ते दिसतं. उत्पादनाचे दोन क्लस्टर पाचपैकी चार बाबतींत सारखे आहेत, म्हणून एकत्र. पाचव्या प्रश्नाचा धोका, म्हणजे एका चुकीत २४ होस्ट, आपण जाणूनबुजून स्वीकारला. तो कमी कसा करायचा ते पुढे येईलच. तुमच्याकडे उत्पादनाचे दोन क्लस्टर दोन वेगळ्या इमारतींत असतील, खाली वेगळे व्हीलॅन असतील, तर उत्तर "ब" येईल. पाठांतर उत्तराचं नको, प्रश्नांचं करा.

व्यवस्थापनाचा स्विच वेगळा का?

यात एक गुंता आहे. व्हीसेंटर स्वतः एक व्हर्च्युअल मशीन आहे. ते डिस्ट्रिब्युटेड स्विचला जोडलेलं आहे. आणि त्या स्विचचं व्यवस्थापन व्हीसेंटर करतं. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच!

समजा व्हीसेंटरचं मशीन दुसऱ्या होस्टवर नव्याने उभं करायची वेळ आली. नेहमीच्या पोर्ट ग्रुपमध्ये पोर्ट देण्याचं काम व्हीसेंटर करतं. ते बंद असताना होस्टवर थेट जाऊन मशीनला अशा पोर्ट ग्रुपला जोडता येत नाही. यासाठी इफेमेरल प्रकारचा पोर्ट ग्रुप असतो. त्यात पोर्ट होस्ट स्वतः देऊ शकतो, वरची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांकडे ठेवलेली जादा किल्लीच म्हणा. व्यवस्थापनाच्या स्विचवर असा एक पोर्ट ग्रुप आधीच बनवून ठेवा, त्याचं नाव आणि व्हीलॅन छापील कागदावर लिहून ठेवा. जादा किल्ली रोज वापरायची नसते. नेहमीच्या मशीनसाठी डीफॉल्ट असलेला स्टॅटिक प्रकारच ठेवा.

अपलिंक आणि वाहतुकीची वाटणी

प्रत्येक होस्टची दोन कार्डं दोन वेगळ्या खऱ्या स्विचना जोडा. एक स्विच गेला तरी दुसरी वाट चालू राहते. आता कुणी कोणत्या वाटेने जायचं?

डीफॉल्ट पद्धतीत प्रत्येक मशीनला त्याच्या पोर्टनुसार एक कार्ड ठरतं आणि ते तिथेच राहतं, भार कितीही असो. डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये भारानुसार वाटणीची पद्धत निवडता येते. एखाद्या कार्डाचा वापर ३० सेकंदांच्या सरासरीने ७५ टक्क्यांवर गेला की काही मशीन दुसऱ्या कार्डावर सरकवली जातात. यासाठी खऱ्या स्विचवर काहीही विशेष करावं लागत नाही. एलएसीपीसाठी मात्र दोन्ही टोकांना जुळती मांडणी लागते. ३४ होस्ट असताना दोन्ही टोकं जुळवत बसणं म्हणजे चुकीला आणखी एक दार. ठोस कारण नसेल तर भारानुसार वाटणी पुरते.

कार्ड भरलं की कुणाला किती मिळावं हे शेअर ठरवतात. उदाहरण सोडवू.

१० गिगाबिटचं एक कार्ड. मशीनची वाहतूक १०० शेअर, व्हीमोशन ५०, स्टोरेज ५०. एकूण २००.
मशीन = १० × १०० ÷ २०० = ५ गिगाबिट
व्हीमोशन = १० × ५० ÷ २०० = २.५ गिगाबिट
स्टोरेज = २.५ गिगाबिट

लक्षात ठेवा: शेअर फक्त गर्दी झाली तरच लागू होतात. कार्ड मोकळं असेल तर व्हीमोशनला सगळे १० गिगाबिटही घेता येतात. म्हणून शेअर हा राखून ठेवण्यापेक्षा चांगला पहिला उपाय आहे.

नावं ठेवण्याची शिस्त

नाव वाचूनच तीन गोष्टी कळाव्यात: कोणता स्विच, कोणतं काम, कोणता व्हीलॅन. उदा. "उत्पादन-लेखा-१२०", "चाचणी-लेखा-६२०". "नवीन नेटवर्क", "नवीन नेटवर्क २" अशी नावं ठेवली की वर्षभरात ती कुणालाच ओळखू येत नाहीत. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की आपण आडनावाने हाक मारतो ना, तसंच इथे.

सुरक्षेची तीन बटणंही इथेच बघून घ्या: दुसऱ्याची पाकिटं ऐकणं, मशीनने स्वतःचा मॅक पत्ता बदलणं, खोट्या पत्त्याने पाकीट पाठवणं. डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये तिन्ही मुळात बंद असतात. एखाद्या मशीनला गरज असेल तर त्याच्यासाठी वेगळा पोर्ट ग्रुप करा. सगळ्यांसाठी दार उघडू नका.

राबवण्याचा क्रम

आखणी झाली. आता चालू होस्ट जुन्या स्टँडर्ड स्विचवरून नव्यावर आणायचे. क्रम महत्त्वाचा आहे.

१. डिस्ट्रिब्युटेड स्विच आणि सगळे पोर्ट ग्रुप आधी बनवा. दुसऱ्या माणसाकडून क्रमांक वाचून तपासून घ्या.
२. पहिला मान चाचणी क्लस्टरचा. तिथे सगळं पार पडल्यावरच उत्पादन.
३. एका वेळी एकच होस्ट. त्यावरची मशीन शेजारी सरकवून तो मेंटेनन्स मोडमध्ये घ्या.
४. दोनपैकी एकच कार्ड नव्या स्विचला द्या. दुसरं जुन्यावर राहू द्या, म्हणजे परतीची वाट उघडी राहते.
५. मग होस्टचं व्यवस्थापनाचं पोर्ट नव्यावर आणा. संपर्क आहे का पाहा.
६. व्हीमोशन आणि स्टोरेजचे पोर्ट आणा.
७. सगळं नीट चाललं की दुसरं कार्ड आणा.
८. कमी महत्त्वाचं एक मशीन त्या होस्टवर आणून प्रत्यक्ष पिंग करून पाहा. एकेक कार्ड बंद करून दोन्ही वाटा तपासा.
९. मगच पुढचा होस्ट.

व्हीस्फिअर ५.१ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक चांगली सोय आहे. तुमच्या बदलामुळे होस्टचा व्हीसेंटरशी संपर्क तुटला तर तो बदल आपोआप मागे घेतला जातो. पण तिच्या भरवशावर बेफिकीर राहू नका. ती फक्त व्यवस्थापनाचा संपर्क राखते. तुम्ही लेखा विभागाच्या पोर्ट ग्रुपचा व्हीलॅन चुकवलात तर प्रणालीच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. ते तुम्हालाच ओळखायचं आहे.

रोजच्या कारभाराचे नियम

उत्पादनाच्या स्विचवर आपण जो धोका स्वीकारला, त्याची किंमत या नियमांनी चुकवायची.

- प्रत्येक बदलाआधी स्विचची मांडणी फाइलमध्ये काढून ठेवा. ती फाइल व्हीसेंटरच्या बाहेर ठेवा.
- चालू पोर्ट ग्रुपचा क्रमांक बदलण्याऐवजी नवीन पोर्ट ग्रुप करा आणि मशीन एकेक करून हलवा. बिघडलं तर एकच मशीन बिघडेल.
- स्विचवर हात घालण्याचा अधिकार मोजक्या लोकांना द्या. बाकीच्यांना मशीन पोर्ट ग्रुपला जोडण्यापुरता अधिकार पुरतो.
- हेल्थ चेक ही तपासणी व्हीलॅन आणि एमटीयू खऱ्या स्विचशी जुळतात का ते सांगते. नवीन व्हीलॅन आला की ती चालवा आणि काम झालं की बंद करा, कारण तिच्यामुळे नेटवर्कवर मॅक पत्त्यांची संख्या बरीच वाढू शकते.
- महिन्यातून एकदा यादी आणि प्रत्यक्ष यांचा ताळा घ्या. हजेरीपटावर नाव आहे पण मूल वर्गात नाही, असं इथेही होतं. ज्याला एकही मशीन जोडलेलं नाही असा पोर्ट ग्रुप का आहे, ते विचारा.

व्हीसेंटरच दोन असतील तर?

डिस्ट्रिब्युटेड स्विच एका व्हीसेंटरच्या, तेही एका डेटासेंटरच्या, बाहेर जात नाही. दोन शहरांत दोन व्हीसेंटर असतील तर दोन्हीकडे वेगळे स्विच लागतात. मग त्यांना सारखं ठेवणार कोण? इथे हाताने टंकण्यापेक्षा पोर्ट ग्रुपची यादी एका फाइलमध्ये लिहून पॉवरसीएलआय किंवा अ‍ॅन्सिबलने दोन्हीकडे लावणं चांगलं. मग ती फाइल हेच मूळ परिपत्रक, आणि बदल तिच्यातच करायचा.

इतर प्रणालींतही प्रश्न हाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हर्च्युअल मशीन मॅनेजरमधून लॉजिकल स्विच लिहितात आणि तो अनेक होस्टवर लावतात. लिनक्सच्या जगात ओपन व्हीस्विच आहे. त्याचा मूळ भाग २०१२ मध्ये लिनक्स कर्नल ३.३ मध्ये आला. तो प्रत्येक होस्टवर स्वतंत्र असतो आणि वरून एखादा कंट्रोलर त्याला नियम देतो. नावं बदलली तरी वरचे पाच प्रश्न बदलत नाहीत.

फलक लेखन (थोडक्यात)

- नियम एका जागी, वाहतूक प्रत्येक होस्टवर.
- स्विचची संख्या क्लस्टरच्या संख्येवरून ठरत नाही. हालचाल, कार्डं, व्हीलॅन, अपग्रेड आणि चुकीचं कुंपण यांवरून ठरते.
- व्यवस्थापनाचा स्विच वेगळा, आणि जादा किल्ली तयार.
- आधी चाचणी, मग उत्पादन. एका वेळी एक होस्ट, एका वेळी एक कार्ड.

स्वाध्याय

१. ८ होस्ट आणि १५ पोर्ट ग्रुप आहेत. स्टँडर्ड स्विच वापरल्यास किती नोंदी? एकच डिस्ट्रिब्युटेड स्विच वापरल्यास किती?
२. व्हीसेंटर दुपारभर बंद आहे. आधीपासून चालू असलेली दोन मशीन एकमेकांशी बोलू शकतील का? कारण लिहा.
३. १० गिगाबिटचं कार्ड पूर्ण भरलं आहे. मशीन १००, व्हीमोशन ५०, स्टोरेज १०० शेअर. प्रत्येकाला किती?
४. एका क्लस्टरचे होस्ट ७.० वर आहेत, दुसऱ्याचे ८.० वर. दोघांचा स्विच एकच आहे. स्विच ८.० करता येईल का? काय कराल?
५. तुमच्या संस्थेत किंवा ओळखीच्या ठिकाणी किती क्लस्टर आहेत ते विचारा. पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा आणि स्विचची संख्या ठरवा. आकृती पेन्सिलने काढा, खोडावी लागेल!

उत्तरे

१. १२० आणि १५.
२. हो. वाहतुकीचा भाग होस्टवरच असतो. फक्त मांडणीत बदल करता येणार नाही.
३. एकूण २५० शेअर. मशीन ४, व्हीमोशन २, स्टोरेज ४ गिगाबिट.
४. नाही. आधी ७.० वरचे होस्ट वाढवावे लागतील, किंवा दुसऱ्या क्लस्टरसाठी वेगळा स्विच करावा लागेल. स्विचची आवृत्ती मागे येत नाही, म्हणून आधी मांडणीची फाइल काढून ठेवायची.
५. याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. आकडा कोणताही असो, त्याच्यापुढे "कारण" हा शब्द लिहून एक ओळ पूर्ण करता आली, तर तुमचा पाठ पक्का झाला असं समजा.